हे शेत विश्रांती घेत आहे

७ ऑक्टोबर

धाकट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन मधेच कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडता येईल, पण त्याआधी माझं अक्षर तरी दिसेल. ते दिसलं की लहानपणापासून तू सरळ बसतोस, हे मला चांगलं ठाऊक आहे.

काल सकाळी मी गोठ्यात होते. विहिरीच्या तुकड्यातून काहीतरी ठोकल्याचा आवाज आला. वाटलं, तुझे दाजी कुंपण दुरुस्त करताहेत. पण दाजी तर माझ्या बाजूलाच चहा पीत उभे. दोघं धावत गेलो. बघतो तर तो पाहणीवाला! दरवर्षी तुझा फोटो काढायला येतो ना, तोच. मोटारसायकल बांधावर लावलेली, आणि हा मधोमध उभा राहून एक हिरवी पाटी जमिनीत ठोकतोय. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'हे शेत विश्रांती घेत आहे.' त्याखाली तुझं संपूर्ण नाव, आणि नावापुढे 'लाभार्थी'.

मी म्हटलं, "अहो, हे काय चालवलंय?"

"विश्रांती योजना, ताई. दहा वर्षं नांगर नाही, लागवड नाही, जनावर सोडायचं नाही. विहीर पण उपसायची नाही."

"आणि आम्ही?"

"तुम्हीही घ्या की विश्रांती," म्हणाला आणि हसला. मग माझा चेहरा बघून हातोडा पाठीमागे लपवला त्याने.

डोंबलाची विश्रांती! धाकट्या, मी योजनेला नावं ठेवत नाही. जमिनी थकल्यात, पाणी खोल गेलंय, सरकार म्हणतंय काही शेतं मोकळी सोडा, आम्ही त्याचे पैसे देतो. ठीक आहे. आपल्याकडे खडकाचा तुकडा आहे ना? त्याला दे विश्रांती, जन्मभर दे, वर पांघरूण घाल. तिथे गवताशिवाय काही येत नाही. पण आम्ही पोट भरतो ते विहिरीच्या तुकड्यावर. तोच बंद केलास तर आम्ही काय पाटी चाटायची?

मला वाटतं, तुझी चूक झाली असणार. तुला त्या ऑफिसने आकाशातून काढलेला फोटो दाखवला असेल. उन्हाळ्यातला. तेव्हा खडकाच्या तुकड्यात हे एवढं तण माजलेलं होतं, आणि विहिरीचा तुकडा आम्ही खोल नांगरून उघडा टाकला होता. वरून बघणाऱ्याला तण हिरवंगार दिसणार आणि नांगरलेलं रान ओसाड. तुला वाटलं, हिरवं ते चांगलं, ते ताईला राहू दे, उघडं आहे ते सरकारला देऊन टाकू. असंच झालं ना? इतकी वर्षं बाराव्या मजल्यावर राहिल्यावर माणसाचं असं होणारच. त्याबद्दल मी तुला बोलणार नाही. बोललेच तर थोडंसं.

पण आता लगेच ये. शेडमध्ये बेण्याचे बटाटे मांडून ठेवलेत, सगळ्यांना कोंब आलेत. या महिन्यात जमिनीत गेले नाहीत तर सुकतील नाहीतर सडतील. पाहणीवाला म्हणाला, महिनाअखेरपर्यंत तुकडा बदलून मिळतो, पण अर्ज मालकानेच करायचा. मालक तू. बाबांनी दोन्ही तुकडे तुझ्या नावावर केले तेव्हा माझ्यासमोर म्हणाले होते, "ताई कसतेय तोवर ती कसेल." तू मान डोलावली होतीस. मीही मूर्ख, मान डोलावण्यावर समाधानी झाले.

एक दिवसाचं काम आहे. सकाळच्या बसने ये, ऑफिसात सही कर, संध्याकाळच्या बसने जा. मी जेवायचा डबा बांधून देईन.

तुझी ताई


१५ ऑक्टोबर

धाकट्या,

आला नाहीस. पत्र मिळालं नाही असं सांगू नकोस. पोस्टमन माझ्या वर्गात होता, त्याने शपथ घेऊन सांगितलंय.

शेवटी मीच ऑफिसात जाऊन आले. दाजींची कंबर धरली होती, तरी गाडी त्यांनीच चालवली, कारण माझा राग बघून मला चालवू द्यायची त्यांची छाती झाली नाही.

तिथे भिंतीला लागून लांब बाक आहे. त्यावर सगळे लाभार्थी बसलेले, अनुदानाच्या कामाला आलेले. मला सवय आहे, मी आधी माणसाच्या पायाकडे बघते. एकाच्याही बुटाला माती नव्हती रे! चकाचक बूट, एकाचे तर पांढरे. माझ्या शेजारी दातांचा डॉक्टर होता. सासऱ्याने जमीन दिली, विश्रांती योजनेत टाकली, वर्षाला पैसे येतात. मी विचारलं, कुठे आहे जमीन? म्हणाला, "अजून जाणं झालं नाही, पण लोकेशन आहे फोनवर." पलीकडे गाड्यांच्या शोरूमचा मालक. त्याला कुंपणाचं अनुदान मिळालंय. आणि आपला शेजारी घोडेवाला तर तिथे असा बसला होता की ऑफिसच त्याचं आहे. त्याचं अख्खं कुरण विश्रांतीवर आहे, थोडं त्याच्या नावावर, थोडं बायकोच्या, थोडं सासूच्या, थोडं ड्रायव्हरच्या. जनावर सोडायचं नाही म्हणे! रोज सकाळी त्याचा तपकिरी घोडा त्या हिरव्या पाटीच्या दांड्याला पाठ घासत उभा असतो, मी इथून बघते.

खरं सांगू? त्या बाकावर बसल्यावर पहिल्यांदा मला तुझी लाज वाटली नाही, माझी वाटली. कारण आजवर मीच तर तुला फोटोसाठी उभा करायचे. आठवतंय ना? बियाण्याचं अनुदान, डिझेलचं अनुदान, कसलंही आलं की शेतकरी शेतात उभा असलेला फोटो लागायचा. तू गाडीतून उतरायचास, दाजींची टोपी घालायचास, दाजींचे गमबूट घालायचास, ते तुला दोन माप मोठे, त्यामुळे बदकासारखा चालायचास आणि आम्ही हसायचो. पाहणीवाला म्हणायचा, ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा, सावली पडतेय. मी बाजूला व्हायचे. वर तुला सांगायचे, थोडा डावीकडे सरक, मागचं पीक नीट दिसू दे. मग बूट काढून, पाय झटकून, तू परत जायचास. पैसे तुझ्या खात्यात जायचे आणि तू म्हणायचास, ताई, यंदा माझं जरा टॅक्सचं बघायचंय, पुढच्या वेळी नक्की. मी म्हणायचे, असू दे. घरातलाच आहे, असू दे. या 'असू दे'ने माझं वाटोळं केलं.

माझा नंबर आला. टेबलावर एक बाई, बिस्किटं खात होती. स्वभावाने वाईट नव्हती. म्हणाली, "मालक कुठे आहेत?"

"शहरात. मी त्याची मोठी बहीण. जमीन मी कसते."

"भाडं देता त्यांना?"

"नाही."

"मग मजुरी मिळते का तुम्हाला?"

"नाही."

तिने स्क्रीनवर बोट फिरवलं. "मालक आहे, भाडेकरू आहे, मजूर आहे. बहीण नाहीये यात." मग थोडं खाली जाऊन म्हणाली, "'इतर' आहे. 'इतर' टाकू?"

घोडेवाला मागे फिस्सकन हसला. मी म्हटलं, टाका. तिने टाकलं. मग सांगितलं की 'इतर' व्यक्तीला अर्जात बदल करता येत नाही. अगं बाई, मग टाकलंस कशाला!

बटाट्याचे कोंब आता बोटाच्या पेराएवढे झालेत. खालचे थोडे मऊ लागले, ते काल निवडून फेकले. मला अजूनही वाटतं की तुझी चूकच झाली असेल. तसं दोन ओळीत कळव आणि ये. मी त्यावर परत कधी काही बोलणार नाही.

ताई


२२ ऑक्टोबर

अहो लाभार्थी महाशय,

आपला मेसेज दाजींच्या फोनवर पोचला. माझ्या फोनवर पाठवायची हिंमत झाली नाही, हे समजण्यासारखं आहे. 'ताई, चिडू नकोस. आता तुम्हालाही दगदग झेपत नाही. जमिनीलाही आराम, तुम्हालाही आराम. मी दरमहा काहीतरी पाठवत जाईन.'

काहीतरी! दारात आलेल्याच्या हातावर काहीतरी ठेवतात तसं काहीतरी? आणि दगदग कोणाला झेपत नाही? यंदा बांध मी घातला. विहिरीतला गाळ मी काढला, वर दाजी दोर धरून होते. तुला जिना चढताना धाप लागते, तू लिफ्ट बंद पडली की ऑफिसला जात नाहीस, आणि तू मला सांगतोस मला झेपत नाही!

पण माझं डोकं फिरलंय ते त्या मेसेजने नाही. काल घोडेवाला कुंपणापाशी भेटला. घोड्यावर बसूनच बोलतो तो, उतरत नाही कधी. म्हणाला, "तुझा भाऊ हुशार निघाला हं. आमचे वकील सगळ्यांना तेच सांगतात, चांगली जमीन टाका."

मी म्हटलं, "चांगली का? वाईट टाकावी ना."

"अगं, मातीच्या प्रतीवर दर आहे. खडकाळ रानाला किरकोळ मिळतात. विहीर असलेल्या काळ्या जमिनीला तिप्पट. कोणती काळी आहे हे सांगायला घरचा माणूस लागतो एवढंच." आणि गेला टपटप करत.

घरचा माणूस.

धाकट्या, तुला आठवतोय का तो फोन? मे महिन्यातला? वर्षानुवर्षं तू कधी शेताबद्दल एक शब्द विचारला नव्हतास. आणि त्या दिवशी अचानक म्हणालास, "ताई, आपला सगळ्यात चांगला तुकडा कोणता गं?" मी इतकी हरखले की हातातलं भांडं खाली ठेवलं आणि ओट्यालाच टेकून बसले. अर्धा तास बोलले मी! विहिरीचा तुकडा, माती किती खोल, आईने त्यातले दगड कसे वेचून काढले, कुठल्या कोपऱ्यात पाणी आधी पोचतं, बटाटा का गोड लागतो तिथला. तू मधेमधे "हं, हं" करत होतास. एकदा तर म्हणालास, "थांब, लिहून घेतो." मला वाटलं, बघा, शेवटी रक्त आहे. याला परत यायचंय. फोन ठेवल्यावर दाजींना म्हणाले, "धाकट्याला माती आठवायला लागली." दाजी म्हणाले, "बघू." मी त्यांच्यावरच चिडले, तुम्हाला माझ्या माहेरचं काही चांगलं बघवतच नाही म्हणून. दोन दिवस धड बोलले नाही त्या बिचाऱ्याशी.

आणि तू तिकडे माझ्या तोंडून माझाच तुकडा लिहून घेत होतास.

मी मूर्ख. दोन पत्रं लिहून तुझ्यासाठी चूक शोधून दिली. आकाशातला फोटो, तण, उघडं रान, काय काय रचलं! तुला फक्त 'हो ताई, तसंच झालं' म्हणायचं होतं. तेवढंही खोटं बोलायचे कष्ट तू माझ्यासाठी घेतले नाहीस.

तू मला शेंडी लावलीस याचा राग आहेच. पण त्या अर्ध्या तासाचा राग वेगळा आहे. तो मी कुणाला सांगूही शकत नाही. मी किती खूश होते रे त्या दिवशी!

— इतर


२७ ऑक्टोबर

तुझ्या बायकोचा फोन आला. तिने केला, तू नाही. मागे तुझा खोकला ऐकू येत होता. लपायचं तर नीट लपावं माणसाने.

तिने गोड आवाजात सांगितलं की पैशांचा पहिला हप्ता आला तो बाल्कनीला काच बसवण्यात गेला, धूळ फार येत होती. आता तिथे कुंड्या ठेवल्यात, त्यात टोमॅटो लावलेत. वा! लाभार्थींनी शेवटी शेती सुरू केली म्हणायची.

मग मुद्द्यावर आली. "ताई, ते म्हणतात, तुम्हाला लावायचंच असेल तर लावा हो बटाटे. कोण बघतंय? पाहणीवाल्याशी हे बोलून ठेवतील. पाटी राहू दे, पीक पण राहू दे. सगळ्यांचंच भागेल."

मी फोन दाजींच्या हातात दिला.

संध्याकाळी दाजी म्हणाले, "घेऊया का मान्य करून? बेणं वाया चाललंय. शेत मिळालं, बास झालं. पैसे जाऊ दे त्याला."

मी म्हटलं, "म्हणजे मी राबायचं, आणि मी राबत नाही याचे पैसे त्याने घ्यायचे?"

"आजवर तेच तर चाललंय," दाजी म्हणाले.

त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. साधं म्हटलं होतं, ताटं उचलता उचलता. म्हणूनच जास्त झोंबलं. आम्ही खूप भांडलो. ते म्हणाले, तुझ्या तत्त्वापायी या वयात डोक्यावरचं छप्पर जाईल, घर पण त्याच्याच जमिनीवर आहे. मी म्हटलं, मग जाऊ दे. ते म्हणाले, तुला बोलायला काय जातं. मी म्हटलं, मला बोलायलाच तर कोणी देत नाहीये! सकाळी उठून बघते, तर हा माणूस शेडमध्ये बसून बेणं निवडतोय. मऊ एकीकडे, टणक एकीकडे.

"लावायचं ना?" म्हणाले. "मग कसं लावायचं ते तू ठरव. मी ट्रॅक्टर काढतो."

तेव्हा कसं लावणार ते ऐक. चोरून नाही लावणार. माझ्या शेतात मी चोरासारखी वाकून, कोणी येतंय का बघत लावणार नाही. तुझ्या बायकोला सांग, पाहणीवाल्याशी बोलून ठेवायचे कष्ट घेऊ नका. त्याच्याशी मीच बोलणार आहे.


६ नोव्हेंबर

धाकट्या,

बटाटे लावून झाले.

तीन दिवस लागले आम्हाला. दिवसाढवळ्या, ट्रॅक्टरचा भोंगा वाजवत. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते. पोस्टमन सायकलवरून ओरडला, "अहो, ते विश्रांती घेतंय ना?" मी म्हटलं, "झाली त्याची झोप!" पाटी मी उपटली नाही. तिला हातसुद्धा लावला नाही. दाजींनी पाटीच्या दोन्ही अंगांनी सरी काढली, इतकी सरळ की मी एरवी कधी करत नाही ते केलं, त्यांचं कौतुक केलं. आता शेताच्या मधोमध तुझं नाव उभं आहे आणि चारी बाजूंना बटाटे आहेत.

मग मी पाहणीवाल्याला फोन लावला. म्हटलं, "तुमच्या विश्रांतीच्या शेतात लागवड झालीये. नियमभंग झालाय. येऊन पाहणी करा."

तो म्हणाला, "कोणी केली?"

"मी केली."

मग म्हणाला, "येतो."

आला. बांधावरच उभा राहिला, आत येईना. रडवेला झाला होता बिचारा. म्हणाला, "ताई, कशाला फोन केलात? तुमच्या भावाचा फोन येऊन गेलाय मला. मी इकडे फिरकणारच नव्हतो. मला काही दिसलं नाही असं करू का? घोडेवाल्याकडे मी काय बघतो सांगा बरं? डोळ्यांवर कातडं ओढायचं, झालं. तुमचं पीक तुम्हाला, त्यांचे पैसे त्यांना. कोणाचं काय जातंय?"

मी म्हटलं, "माझं जातंय. इतकी वर्षं तू या शेतात येतोस, तुला कधी मी दिसलेच नाही. सावली पडते म्हणून बाजूला करायचास. आता बघ. आता मी दिसले नाही असं करायचं नाही. काढ फोटो."

"फोटो काढला की करार मोडला, ताई. त्यांना सगळे पैसे परत भरावे लागतील, वर दंड. आणि मग ते तुम्हाला..."

"ते माझं मी बघेन. तू काढ."

मी पाटीच्या शेजारी जाऊन उभी राहिले. दाजींची टोपी नको म्हटलं, माझं डोकं काय वाईट आहे? पायात माझेच बूट, पोटरीपर्यंत चिखल. त्याने फोन वर केला, परत खाली घेतला, परत वर केला. म्हणाला, "जरा हसा." धाकट्या, मी हसले नाही. पण हात कुठे ठेवायचे ते मला कळेना. इतक्या फोटोंत तुला कसं उभं राहायचं ते सांगितलं, आणि माझ्यावर वेळ आली तर हातांचं काय करायचं तेच माहीत नाही. शेवटी एक हात ठेवला त्या पाटीवर, तुझ्या नावाच्या वर.

दाजी लांबून म्हणाले, "थोडी डावीकडे सरक. मागचं दिसू दे." आणि मग मला रडू आलं. संतापाचं होतं ते, दुसरं काही समजू नकोस. फोटोत ते आलंय.

पाहणीवाल्याने एक प्रत मला पाठवली, ती दुकानातून कागदावर काढून या पत्रासोबत ठेवली आहे. त्यात पाटीवरचं सगळं वाचता येतं.

आता तुला ऑफिसचं पत्र येईल. पैसे परत भर म्हणतील. बाल्कनीची काच विक, नाहीतर टोमॅटो विक, मला सांगू नकोस. तू चिडशील. आपल्या घरात मीच एकटी चिडकी आहे असा तुझा समज आहे, पण तुला राग आला की तू काय करतोस ते मला ठाऊक आहे. तू गप्प बसतोस आणि दुसऱ्याला पुढे करतोस. लहानपणी आईला पुढे करायचास, परवा बायकोला केलंस, आता वकिलाला करशील. नोटीस पाठवशील की जमीन माझी, घर माझं, निघा. कायदा तुझ्या बाजूने आहे, मी विचारून आले. दाजींनी खडकाच्या तुकड्यापलीकडे एका ओळखीच्याकडे खोली बघूनही ठेवली आहे. मला न सांगता बघितली, आणि माझ्याशी खोटं बोलले की ट्रॅक्टरचा पाना आणायला गेलो होतो. तेव्हा आम्ही तयार आहोत.

पण नोटीस नको. नोटिशीने मी हलणार नाही, पोलीस आणावे लागतील, आणि तेव्हा मी रस्त्यावर उभी राहून जो तमाशा करीन तो तुझ्या बाराव्या मजल्यापर्यंत ऐकू येईल.

तू ये. बटाटे काढायला होतील तेव्हा ये. आईने दगड वेचलेल्या त्या तुकड्यात, माझ्यासमोर उभा राहा, आणि स्वतःच्या तोंडाने म्हण, "ताई, तू निघ." बस, एवढंच. बायको नको, वकील नको, मेसेज नको. माझ्याकडे बघून तू एवढं म्हणालास, तर मी वाद घालणार नाही. त्याच पावली निघेन, भांडीसुद्धा नंतर नेईन.

आणि म्हणता आलं नाही तर कुदळ शेडमध्ये दाराच्या मागे आहे. घे आणि कामाला लाग, त्या दिवसांत माणसं कमीच पडतात.

बूट मात्र स्वतःचे आण. दाजींचे मी यापुढे कोणाला देणार नाही.

ताई